कातडीला वेळ देणारा सर्जन

जखम भरत आली की खाजते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. गुडघा फुटलेल्या पोराला घरातली वडीलधारी माणसे बजावतात की खाज सुटली म्हणजे बरे होत चालले आहे, पण खपलीला हात लावायचा नाही. तेच पोर मोठेपणी नाकाची ठेवण सुधारून घेते किंवा पोटावरची सैल कातडी काढून घेते, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ही जुनी ओळखीची खाज पुन्हा भेटते. दुखणे गोळीने आवरते. खाज मात्र रात्री झोपू देत नाही, आणि झोप लागली तर नख कधी चालले ते कळत नाही.

कॉस्मेटिक सर्जरीची चर्चा होते ती बहुधा शस्त्रक्रियेची, खर्चाची आणि आधीच्या-नंतरच्या फोटोंची. मधल्या काळाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. टाके निघाल्यापासून कातडी पूर्ण स्थिरावेपर्यंतचे कित्येक महिने रुग्णाला घरीच, एकट्याने काढायचे असतात. या मधल्या काळाला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व देणारा एक सर्जन गेल्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव आर्चिबाल्ड मॅकिंडो. त्याचे रुग्ण सौंदर्यासाठी आलेले नव्हते. पेटत्या विमानातून बाहेर पडलेली, चेहरा आणि हात गमावलेली विशी-बाविशीतली मुले होती ती.

छापखानेवाल्याचा मुलगा

मॅकिंडोचा जन्म 4 मे 1900 रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात झाला. वडील जॉन मॅकिंडो यांचा छापखाना होता, तर आई मेबल हिल चित्रकार होती. वडिलांकडून कामाची शिस्त आणि आईकडून आकाराची, रंगछटांची नजर, असा वारसा त्याला मिळाला असे म्हणायला हरकत नाही. पुढे ज्याला माणसांचे चेहरे नव्याने घडवायचे होते, त्याला दोन्हींची गरज पडणार होती.

ओटागो विद्यापीठातून तो डॉक्टर झाला. काही काळ न्यूझीलंडमध्येच रुग्णालयात काम केल्यावर 1924 मध्ये त्याला अमेरिकेतील मेयो क्लिनिकची शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती अविवाहितांसाठी होती आणि मॅकिंडोने नुकतेच एडोनिया एटकेनशी लग्न केले होते. लग्नाची गोष्ट लपवून तो एकटाच अमेरिकेला गेला. पत्नीला त्याच्याजवळ येण्यासाठी जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. नियम आडवा आला तर त्याला वळसा घालायचा, हा त्याचा स्वभाव इथे पहिल्यांदा दिसतो.

मेयो क्लिनिकमध्ये त्याने यकृताच्या आजारांवर अभ्यास केला आणि पोटाच्या शस्त्रक्रियांत नाव कमावले. त्याचे काम पाहून इंग्लंडचे नामांकित सर्जन लॉर्ड मॉयनिहन यांनी त्याला लंडनला येण्यास सुचवले. त्या भरवशावर 1930 मध्ये तो कुटुंबासह लंडनला पोहोचला. तिथे मात्र नोकरी त्याची वाट पाहत नव्हती. परक्या शहरात बायको आणि लहान मुलगी बरोबर, हाती काम नाही, अशा अवस्थेत त्याला एका नातलगाची आठवण झाली. ते नातलग म्हणजे हॅरोल्ड गिलीज.

गिलीज आणि पुण्याचे नाक

गिलीज हेही मूळचे ड्युनेडिनचेच. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे लागलेल्या हजारो सैनिकांवर लंडनजवळच्या सिडकप येथील रुग्णालयात त्यांनी उपचार केले होते. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया त्यांनीच घातला असे मानतात. कातडीचा एक पट्टा एका टोकाला शरीराशी जोडलेला ठेवून तो नळीसारखा शिवायचा आणि त्याचे दुसरे टोक जखमेच्या जागी लावायचे, ही युक्ती त्यांनी 1917 मध्ये वापरात आणली. नळीतून रक्तपुरवठा चालू राहतो, उघडी बाजू आत दडल्यामुळे जंतूंचा शिरकाव कमी होतो, आणि नव्या जागी कातडी रुजली की जुने टोक कापता येते. प्रत्येक पायरीनंतर काही आठवडे थांबावे लागे. घाई केली तर अख्खा पट्टा काळा पडून सडून जाई.

या शास्त्राचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन मिळतो. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडवले. तिथे हजर असलेल्या इंग्रज डॉक्टरांच्या साक्षीने ही हकिकत लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 च्या अंकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली, आणि कपाळावरून नाक घडवण्याची ही रीत युरोपात भारतीय पद्धत म्हणून रूढ झाली. गिलीज आणि त्यांच्यामागून मॅकिंडो ज्या वाटेने चालले, तिची एक पायवाट पुण्याहून निघाली होती.

गिलीजनी या तरुण नातलगाला आपल्या खासगी व्यवसायात घेतले आणि सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम मिळवून दिले. पोटाचा सर्जन आता चेहऱ्याकडे वळला. नाक सरळ करणे, ओघळलेली कातडी ताणून बसवणे, अवजड स्तनांचा आकार कमी करणे, जन्मतः असलेले व्यंग दुरुस्त करणे, अशा शस्त्रक्रिया तो शिकला. आज ज्याला कॉस्मेटिक सर्जरी म्हणतात, त्यात त्याचा हात असा बसला. 1938 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्याला प्लास्टिक सर्जरीचा सल्लागार नेमले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये या विद्येचा पुरेसा अनुभव असलेले सर्जन अवघे चार होते. त्यांपैकी तिघे न्यूझीलंडचे होते.

चामडे कमावावे तसा उपचार

युद्ध सुरू होताच मॅकिंडोला लंडनच्या दक्षिणेला ईस्ट ग्रिनस्टेड या छोट्या गावातील क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात पाठवण्यात आले. 1940 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आभाळात लढाई पेटली आणि तिथे वैमानिक येऊ लागले. लढाऊ विमानात इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात असे. तिला गोळी लागली की काही सेकंदांत आगीचा लोट थेट तोंडावर येई. हातमोजे किंवा चष्मा काढून ठेवलेला असेल तर हात आणि चेहरा उघडेच. पापण्या, नाक, ओठ, कान आणि बोटे जळत. अंगावरच्या कपड्यांखालचे शरीर पुष्कळदा शाबूत राही. जखमांचा हा नमुना इतका सारखा होता की मॅकिंडोने त्याला वैमानिकाचे भाजणे असे वेगळे नावच दिले.

अशा जखमांवर त्या काळी टॅनिक आम्ल लावत. हिरडा आणि बाभळीच्या सालीत जे टॅनिन असते, ज्याने चामडे कमावतात, त्याच जातीचे हे द्रव्य. भाजलेल्या कातडीवर त्याचा कडक काळपट थर बसे. शरीरातले पाणी पाझरून जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता, आणि मोठ्या भाजण्यात 1925 नंतर त्याचा बराच बोलबाला झाला होता. पण चेहऱ्यावर आणि हातांवर हा थर घातक ठरत होता. वाळताना तो आवळत जाई. बोटांभोवती कडे बसल्यासारखे होऊन रक्तपुरवठा तुटे आणि बोटे मुडपून मुठीसारखी होत. पापण्या ओढल्या जाऊन डोळा मिटेनासा होई आणि दृष्टी धोक्यात येई. थराखाली पू साचला तरी वरून दिसत नसे. थर काढायचा म्हणजे कातडी सोलण्यासारख्या वेदना.

मॅकिंडोने एक गोष्ट हेरली. विमानातून उडी टाकून समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांपेक्षा अधिक स्वच्छ आणि मऊ असत, अधिक चांगल्या भरत. खाऱ्या पाण्यात काही वेळ भिजल्याचा हा गुण असावा, असा त्याने तर्क केला. मग त्याने रुग्णांना टबमध्ये कोमट, बेताच्या खारट पाण्यात बसवायला सुरुवात केली. साधे पाणी उघड्या जखमेला झोंबते, कारण ते शरीरातील द्रवापेक्षा पातळ असते. रक्तातल्या इतक्याच खारटपणाचे पाणी झोंबत नाही. त्या पाण्यात चिकटलेल्या पट्ट्या आपोआप सुटून तरंगत, आखडलेली बोटे हलवता येत आणि मेलेली कातडी हळूहळू निघून जाई. नंतर जखमेवर व्हॅसलीन लावलेले जाळीदार कापड ठेवले जाई. जखम कोरडी ठणठणीत करण्याऐवजी ओलसर आणि मऊ ठेवायची, हा त्याचा मार्ग होता.

1940 च्या अखेरीस लंडनमधील डॉक्टरांच्या सभेत त्याने टॅनिक आम्लावर कडाडून टीका केली. प्रस्थापित उपचाराविरुद्ध बोलणे सोपे नव्हते, पण त्याच्यापाशी रुग्णांचे हात होते. सरळ झालेली बोटे आणि मुडपलेली बोटे यांतला फरक कुणालाही दिसत होता. चेहरा आणि हातांवर हे आम्ल लावणे पुढे बंद झाले.

खाज म्हणजे काय

भाजलेल्या किंवा कापलेल्या कातडीला खाज का सुटते, हे आज बरेच उलगडले आहे. जखम भरून काढायला शरीर ज्या पेशी धाडते, त्यांतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. ते मज्जातंतूंच्या बारीक टोकांना चेतवते आणि मेंदूला खाजेचा निरोप जातो. त्यातच कापले गेलेले मज्जातंतू पुन्हा वाढत असतात. वाढती टोके हळवी असतात. कपडा घासला, ऊन लागले, घाम आला एवढ्यानेही ती ओरडा करतात. तिसरे कारण कोरडेपणा. रोपण केलेल्या पातळ कातडीत तेल आणि घामाच्या ग्रंथी नीट काम करत नाहीत. वंगण संपलेल्या यंत्रासारखी ती करकरते.

रोपणासाठी जिथून कातडी घेतलेली असते, ती मांडीसुद्धा अनेकांना मूळ जखमेइतकीच छळते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसांत ही खाज महिनोन् महिने, काहींत वर्षेही टिकते. आणि खाजवणे हा त्यावरचा उपाय नाही. नखाने क्षणभर बरे वाटते, पण त्याने आणखी हिस्टामिन सुटते आणि खाज वाढते. नव्याने चिकटू पाहणारी कातडी घासल्याने सरकते, सोलली जाते, जंतूंना दार उघडते. ज्या कातडीसाठी सर्जनने आठवडे खर्ची घातले, ती एका रात्रीच्या नखांनी जाऊ शकते.

म्हणून मॅकिंडोच्या वॉर्डातले ओल्या पट्ट्यांचे आणि कोमट खाऱ्या पाण्याचे उपचार आजच्या खाजणाऱ्या रुग्णालाही ओळखीचे वाटावेत. भरणारी कातडी थंड, ओलसर आणि निवांत ठेवायची, हे त्यातले सूत्र अजून बदललेले नाही.

वॉर्ड क्रमांक तीन

औषधपाण्यापेक्षाही मॅकिंडोचे मोठे काम वॉर्ड क्रमांक तीनमध्ये झाले. हा वॉर्ड म्हणजे रुग्णालयाच्या आवारातली एक लांबोडकी लाकडी बराक. एका चेहऱ्यासाठी दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त शस्त्रक्रिया लागत, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये कातडी रुजण्याची वाट पाहण्यात दिवसच्या दिवस जात. दंडापासून नाकापर्यंत कातडीची नळी जोडलेला माणूस आरशात पाहून स्वतःलाच घाबरावा अशी अवस्था. ही वाट पाहणेच माणसाला खचवते, हे मॅकिंडोच्या ध्यानात आले होते.

त्याने वॉर्डातले रुग्णालयीन नियम एकेक करून मोडीत काढले. रुग्णांना घालावा लागणारा निळा पोशाख बंद करून त्यांना स्वतःचा गणवेश घालू दिला. वॉर्डात पियानो आला, बिअरचे पिंपही आले. अधिकारी आणि साधे सैनिक शेजारी शेजारी झोपू लागले. ज्याला पाहायचे असेल त्याला शस्त्रक्रियागृहात येऊन दुसऱ्याची शस्त्रक्रिया पाहण्याची मुभा होती. आपल्या शरीराचे पुढे काय होणार, हे डोळ्यांनी पाहिले की भीती निम्मी होते.

मग त्याने गावाकडे मोर्चा वळवला. ईस्ट ग्रिनस्टेडच्या कुटुंबांना विनवले की या मुलांना जेवायला बोलवा, त्यांच्याशी बोला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून नजर चुकवू नका आणि टक लावूनही पाहू नका. गावाने ते मनावर घेतले. दुकानांत, चित्रपटगृहात, दारूच्या गुत्त्यात ही मुले मोकळेपणाने वावरू लागली. टक लावून न पाहणारे गाव, अशी या गावाची ओळख झाली, ती आजही आहे.

जुलै 1941 मध्ये रुग्णांनी एक मंडळ काढले आणि त्याला गिनी पिग क्लब असे नाव दिले. नवनवे उपचार आपल्यावरच करून पाहिले जातात, तेव्हा आपण प्रयोगशाळेतले प्राणीच, असा तो विनोद. चिटणीस असा निवडला ज्याची बोटे भाजलेली होती, म्हणजे फार इतिवृत्त लिहायला नको. खजिनदार असा, ज्याचे पाय भाजलेले होते, म्हणजे पैसे घेऊन पळून जायला नको. अध्यक्षपद मॅकिंडोकडे आले. सुरुवातीला 39 सभासद होते, युद्ध संपेपर्यंत ते 649 झाले. ब्रिटिशांबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया असे कुठले कुठले वैमानिक त्यात होते.

त्यातलेच एक नाव रिचर्ड हिलरी. सप्टेंबर 1940 मध्ये विमान पेटल्यावर तो समुद्रात पडला आणि जीवरक्षक नौकेने त्याला वाचवले. त्याच्या हातांवर आधी टॅनिक आम्लाचाच उपचार झाला होता. मॅकिंडोने त्याला नव्या पापण्या दिल्या. हिलरीने या अनुभवावर लिहिलेले पुस्तक 1942 मध्ये गाजले. पण हातांत पूर्वीची ताकद नसताना त्याने पुन्हा विमान चालवण्याचा हट्ट धरला आणि जानेवारी 1943 मध्ये रात्रीच्या सरावात विमान कोसळून तो गेला. वय 23. कातडी जोडता येते, पण तिच्याआडच्या माणसाची घाई सर्जनला थांबवता येतेच असे नाही.

सर्जनचीही दुसरी बाजू

मॅकिंडो देवमाणूस होता असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. तो तापट होता, हुकूमत गाजवणारा होता. हवाई दलाचा हुद्दा त्याने मुद्दाम नाकारला, कारण नागरिक राहिले तर वरिष्ठांशी भांडता येते. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ रुग्णालयात राहिलेल्या सैनिकाला सेवेतून काढण्याचा नियम त्याने भांडूनच बदलून घेतला. हे भांडण रुग्णांच्या कामी आले. पण त्याच्या वॉर्डातल्या मोकळ्या वातावरणाची किंमत परिचारिकांना मोजावी लागली. रुग्णांचे मनोधैर्य राखण्यासाठी त्यांची थट्टा आणि सलगी हसून सोसावी, अशी अपेक्षा तरुण मुलींकडून केली जाई. आज असे चालणार नाही, आणि चालूही नये. घराकडेही त्याचे दुर्लक्ष झाले. एडोनियाबरोबरचा संसार 1953 मध्ये घटस्फोटाने संपला.

1947 मध्ये त्याला सर हा किताब मिळाला. युद्धानंतर तो पुन्हा खासगी व्यवसायात नाके आणि चेहरे सुधारू लागला आणि जुन्या गिनी पिगांवरच्या उरलेल्या शस्त्रक्रियाही करत राहिला. आफ्रिकेत विमानाने डॉक्टर पोहोचवण्याच्या योजनेलाही त्याने हातभार लावला. 11 एप्रिल 1960 रोजी झोपेतच त्याचा मृत्यू झाला. वय 59. लंडनमध्ये हवाई दलाच्या सेंट क्लेमेंट डेन्स चर्चमध्ये त्याच्या अस्थी ठेवल्या गेल्या. गणवेश न चढवलेल्या नागरिकाला मिळालेला हा दुर्मीळ मान. 2014 मध्ये ईस्ट ग्रिनस्टेडमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. बसलेल्या वैमानिकाच्या खांद्यांवर मागून दोन्ही हात ठेवून मॅकिंडो उभा आहे. पुतळा घडवणाऱ्या मार्टिन जेनिंग्ज यांचे वडील त्याचेच रुग्ण होते.

आजच्या रुग्णासाठी

आज कॉस्मेटिक सर्जरी करून घरी आलेल्या माणसाला आगीतून बाहेर पडलेल्या वैमानिकाइतके सोसावे लागत नाही. तरी कातडी भरण्याची रीत तीच आहे. वरून जखम मिटली तरी आतला व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो आणि खाज त्यातली सोबतीण असते.

टाके ओले असेपर्यंत त्यावर सर्जनने सांगितल्याखेरीज काहीही लावू नये. हळद, खोबरेल तेल, कोरफड, टाल्कम पावडर यांतले काहीही नाही. मिठाचे पाणीही घरी करून वापरू नये, कारण मॅकिंडोचे टब निर्जंतुक ठेवण्यासाठी अख्खा कर्मचारीवर्ग राबत असे. शिवाय एकाच टबातून जंतू पसरतात हे लक्षात आल्यावर रुग्णालयांतही आता टबापेक्षा वाहत्या पाण्यावर भर असतो.

जखम पूर्ण मिटली आणि सर्जनने परवानगी दिली की सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लावावे. आंघोळीला कढत पाणी नको, कोमट घ्यावे. खाज असह्य झाली तर त्या जागेच्या बाजूला तळव्याने हळूच थोपटावे किंवा दाबावे, नख लावू नये. नखे बारीक कापावीत, आणि झोपेत हात जात असेल तर सुती हातमोजे घालावेत. सैल सुती कपडे वापरावेत. पोटावर किंवा छातीवर दाबपट्टा असेल तर त्याच्या चुण्या कातडीत रुतत नाहीत ना हे पाहावे, आणि पट्टा रोज धुतलेला असावा.

बर्फाबाबत विशेष सावध राहावे. शस्त्रक्रियेनंतर तो भाग कित्येक आठवडे बधिर असतो. बर्फाची किंवा गरम पाण्याची पिशवी किती वेळ ठेवली हे कातडी सांगत नाही, आणि रुग्णाला कळण्याआधीच ती भाजते किंवा गारठते. सर्जनने सांगितले असेल तरच, कपड्यात गुंडाळून, थोडा वेळच शेक द्यावा.

प्रत्येक खाज भरण्याचीच नसते. चिकटपट्टीच्या आकाराचाच लाल चौकोन उठला तर ती पट्टीची ॲलर्जी असते. काही मलमांमधल्या प्रतिजैविकानेही असे होते. जबर वेदनाशामक गोळ्यांमुळे कधी अंगभर खाज सुटते. यावर गोळ्या आहेत, पण त्यांतल्या काहींनी गुंगी येते आणि इतर औषधांशी त्यांचा मेळ पाहावा लागतो, म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नयेत. जखमेभोवतीची लाली पसरत चालली, पू किंवा दुर्गंधी आली, ताप भरला, टाका सुटला तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे. अंगावर गांधी उठून ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला तर क्षणाचाही उशीर न करता तातडीच्या विभागात जावे.

महिने उलटूनही व्रण खाजत असेल आणि जाड, उंच होत जखमेच्या कडा ओलांडू लागला असेल तर तो कीलॉइड असू शकतो. सावळ्या कातडीत त्याचे प्रमाण अधिक असते. सिलिकॉनची पट्टी, व्रणात दिलेले इंजेक्शन असे उपाय लवकर सुरू केले तर जास्त गुण येतो. उन्हापासूनही नवा व्रण जपावा, नाहीतर तो काळवंडतो.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी. सुजलेला, निळसर पडलेला, पट्ट्यांनी झाकलेला चेहरा घेऊन माणूस घरी येतो तेव्हा त्याने हे कशाला ओढवून घेतले, असे कुणीतरी बोलून जाते. हौसेने केले ना, मग आता सोसा, असा सूर असतो. कातडीला मात्र आगीची जखम आणि हौसेची जखम यांतला भेद कळत नाही. दोन्ही खाजतात आणि दोन्हींना भरायला वेळ लागतो. तो वेळ काढताना एका छोट्या गावाने टक लावून पाहणे टाळले होते. घरातल्या चार माणसांना तेवढे नक्कीच जमण्यासारखे आहे.